रातपाळीच्या माणसाने ‘रात्रीची गोळी’ कधी घ्यायची?

महिन्यातून एका रविवारी, वंदना झाली की, विहाराच्या ओट्यावर आम्ही रक्तदाब आणि साखर तपासायला बसतो. आमच्यात एक निवृत्त परिचारिका आहेत, एक जण मेडिकलच्या दुकानात काम करतो, दोघे कंपनीतले कामगार आहेत आणि महिला मंडळातल्या दोघी-तिघी आहेत. डॉक्टर आमच्यात कोणी नाही. त्यामुळे औषध सांगणे किंवा बदलणे हे आमचे काम नव्हे. पण लोक बीपी दाखवता दाखवता पिशवीतून गोळ्या काढतात आणि विचारतात, ‘ताई, ही कशाची?’ तेव्हा जे दिसते, त्यावर बोलणे आम्हाला आमचे काम वाटते.

बोईसरच्या एका बांधवाने अशीच पिशवी उघडली. तारापूर एमआयडीसीतल्या रंग-रसायनाच्या कंपनीत तो ठेकेदाराकडे आहे. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, एक आठवडा रातपाळी. गेले वर्षभर झोप नाही, कशात मन नाही, पोरांवर विनाकारण ओरडणे, जेवणाचा डबा तसाच परत. शेवटी बायकोने आग्रहाने दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी डिप्रेशन म्हणजे नैराश्य आहे असे सांगून एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅमची एक गोळी लिहून दिली. केसपेपरवर वेळ होती ०-०-१. सकाळी नाही, दुपारी नाही, रात्री एक.

आम्ही त्याच्या पहिल्या तीन महिन्यांच्या पट्ट्या मोजल्या. ९० गोळ्यांपैकी ४१ शिल्लक होत्या. का, असे विचारले तर त्याने उलट आम्हालाच विचारले, ‘ताई, रात्री मी कंपनीत असतो. गोळी घेऊन रिॲक्टरवर उभा राहू का?’

म्हणजे रातपाळीच्या आठवड्यात तो गोळी घेतच नव्हता. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात अकराला सुटून घरी येईपर्यंत बारा वाजत, जेवून तसाच आडवा होई, निम्म्या वेळा विसरे. नीट गोळी पडत होती ती फक्त पहिल्या पाळीच्या आठवड्यात. दर तिसऱ्या आठवड्याला त्याला गरगरायचे, डोक्यात करंट लागल्यासारखे व्हायचे, चिडचिड वाढायची. तो म्हणायचा, रातपाळीने होते. खरे तर औषध अचानक तुटल्यावर शरीर असेच कुरकुरते. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी विचारले, ‘गोळ्या चालू आहेत ना?’ तो ‘हो’ म्हणाला. ‘फरक?’ ‘नाही.’ मग गोळी १० ची २० मिलिग्रॅम झाली. चुकीच्या माहितीवर घेतलेला अगदी बरोबर निर्णय.

या माणसाचे औषध हरले नव्हते. त्याच्या चिठ्ठीवरची वेळ आणि त्याच्या कंपनीची वेळ यांची कधी गाठच पडली नव्हती. आमचे म्हणणे असे की पालघर-बोईसर पट्ट्यात नैराश्याचे उपचार फसतात, त्यातले पुष्कळसे याच कारणाने फसत असावेत. आणि हे कारण असे आहे की ते दूर करायला नवे औषध लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही.

आधी एक गोष्ट साफ करू. नैराश्य म्हणजे मन कमकुवत असणे नव्हे, बाहेरची बाधा तर नव्हेच. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले (महाराष्ट्र त्यात नव्हता). त्यात वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आलेले आढळले, आणि अशा आजारी माणसांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचाराविना होते. म्हणजे शंभरातले पंधरा कसेबसे दवाखान्याच्या दारात पोचतात. त्या पंधरांतलाही एखादा ०-०-१ मध्ये अडकून परत फिरत असेल, तर ते आम्हाला पटत नाही.

आता गोळीच्या वेळेचे शास्त्र. ते वाटते तितके अवघड नाही. चाळीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. खाली नळ चालू आहेत, वरून दिवसातून एकदा पाणी चढते. टाकी मोठी आणि नळ बारीक असेल तर एक दिवस पाणी आले नाही तरी कळत नाही. टाकी लहान असेल तर दुपारपर्यंत खडखडाट. रक्तातल्या औषधाचेही तसेच. फ्लुओक्सेटिन ही मोठी टाकी. रोज घेणाऱ्याच्या शरीरात तिचे प्रमाण निम्मे व्हायला चार ते सहा दिवस लागतात, आणि त्यापासून शरीरात तयार होणारे दुसरे द्रव्य त्याहून जास्त टिकते. सरट्रालिन आणि एस्सिटालोप्राम यांना निम्मे व्हायला साधारण एक दिवस किंवा थोडा जास्त वेळ लागतो. व्हेनलाफॅक्सिनची साधी गोळी काही तासांतच उतरते. म्हणून ती दिवसातून दोन-तीनदा द्यावी लागते, किंवा हळूहळू विरघळणारी कॅप्सूल दिवसातून एकदा.

पूर्वी ॲमिट्रिप्टिलिन किंवा इमिप्रामिनसारख्या जुन्या गोळ्या तीन वेळा विभागून देण्याची पद्धत होती. दिवसाचा डोस तीन घासांत दिला तर जास्त लागू पडेल, अशी समजूत. नंतर डॉक्टरांनी दोन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. २००१ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात नैराश्य कमी होण्याच्या बाबतीत दिवसातून एकदा आणि विभागून, यात फरक दिसला नाही. त्याच वर्षी दुसरा एक आढावा आला. तो फक्त नैराश्याचा नव्हता, सगळ्या तऱ्हेच्या आजारांचा होता. बाटलीच्या झाकणात बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्राने औषध केव्हा काढले याची नोंद ठेवली होती. दिवसातून एकदा औषध असणाऱ्यांनी सरासरी ७९ टक्के डोस घेतले, दोनदा असणाऱ्यांनी ६९, तीनदा असणाऱ्यांनी ६५ आणि चारदा असणाऱ्यांनी ५१. हे आपल्या वस्तीतले लोक नव्हेत, तरी माणूस सगळीकडे सारखाच विसराळू.

म्हणून आमचे पहिले मत. घरी राहून, कामधंदा सांभाळून उपचार घेणाऱ्याला, औषधाचा प्रकार परवानगी देत असेल तर, दिवसातून एकच वेळ असावी. चिठ्ठीवर १-०-१ किंवा १-१-१ दिसले तर डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, ‘साहेब, हे एका वेळेला घेता येईल का?’ कधी उत्तर ‘नाही’ असेल. डोस मोठा असतो, मळमळ होते, किंवा गोळी व्हेनलाफॅक्सिनसारखी लवकर उतरणारी असते. पण विचारल्याने डॉक्टर रागावतात ही आपली भीती असते, बहुतेक वेळा ते रागावत नाहीत. रागावले तरी विचारावे.

दुसरा मुद्दा ती एक वेळ कुठली. ‘रात्रीची गोळी’ म्हटले की आपल्याकडे झोपेची गोळी असाच अर्थ घेतला जातो. प्रत्येक रात्रीची गोळी झोपेची नसते. एस्सिटालोप्राम, सरट्रालिन, फ्लुओक्सेटिन या गोळ्यांनी काहींना सुस्ती येते, काहींची उलट झोप उडते. ज्याची झोप उडते त्याने सकाळी, ज्याला सुस्ती येते त्याने झोपण्याआधी, एवढाच त्यामागचा हिशेब. सकाळी घेतली म्हणून कमी लागू आणि रात्री घेतली म्हणून जास्त, असे नाही. ॲमिट्रिप्टिलिन आणि मिर्टाझापिन यांची गोष्ट वेगळी. त्या खरोखरच झोप आणतात, त्यांची गुंगी दुसऱ्या दिवशीही रेंगाळू शकते. त्या घेऊन यंत्रावर, बॉयलरवर, रिॲक्टरवर उभे राहणे किंवा मोटरसायकल चालवणे धोक्याचे. तेव्हा त्या बांधवाचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. तो बरोबर प्रश्न होता, फक्त त्याने तो डॉक्टरांना न विचारता स्वतःच सोडवला.

डॉक्टरांच्या बाजूनेही एक वाक्य राहिले होते. ‘तुमची पाळी कुठली?’ एमआयडीसीच्या गावात हा प्रश्न ताप मोजण्याइतकाच नित्याचा असायला हवा. ‘रात्री’ याऐवजी चिठ्ठीवर ‘झोपण्याआधी’ किंवा ‘उठल्यावर’ असे मराठीत लिहिले, तरी अर्धा घोळ मिटेल. ओपीडीत समोर शंभर माणसे असतात हे आम्हाला दिसते. तरीही हा प्रश्न विचारायला दहा सेकंद पुरतात.

पण पाळी दर आठवड्याला बदलते त्याचे काय? ‘झोपण्याआधी’ म्हटले तर एका आठवड्यात रात्री दहा, दुसऱ्यात रात्री एक, तिसऱ्यात सकाळी साडेआठ. टाकी कधी वाहते, कधी तळाला जाते. याचे उत्तर आम्हाला त्या बांधवाच्या बायकोने दिले. ती म्हणाली, ‘तीनच्या भोंग्याला हे कायम जागेच असतात.’ आम्ही कागदावर मांडून पाहिले. पहिली पाळी सात ते तीन, म्हणजे तीनला सुटतो. दुसरी तीन ते अकरा, म्हणजे तीनला आत जातो. रातपाळी अकरा ते सात, म्हणजे सकाळी येऊन झोपलेला माणूस दुपारी तीनच्या सुमाराला उठून ताटावर बसलेला असतो. तिन्ही पाळ्यांत तो जागा, आणि हातात पाण्याचा पेला असण्याची शक्यता असलेली दिवसातली ती एकच वेळ. ती हा प्रश्न घेऊन त्याच्यासोबत पुन्हा दवाखान्यात गेली. या गोळीने त्याला गुंगी येत नाही ना, याची खात्री करून डॉक्टरांनी वेळ दुपारी तीन केली, आणि खरी शिल्लक कळल्यावर डोसही पुन्हा १० वर आणला.

आठ ते आठ अशा बारा तासांच्या पाळ्या चालतात, तिथे संध्याकाळी सात-आठची वेळ बसू शकेल. दिवसाचा माणूस घरी येतो आणि रात्रीचा निघतो ती वेळ. (बाबासाहेब मजूर खाते सांभाळत असताना, १९४६ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे ५४ तास ४८ झाले. आज एवढ्या वर्षांनी आपण बारा तासांच्या पाळीत गोळी कुठे बसवायची हे शोधतो आहोत. असो.) झोप आणणाऱ्या गोळ्यांना मात्र ही युक्ती चालणार नाही. तिथे गोळीच बदलावी लागते किंवा पाळी तरी. काही काळ रातपाळी नको, असे डॉक्टरांचे पत्र मागता येते. ठेकेदार ते मानेलच असे नाही, पण पत्र नसेल तर मानण्याचा प्रश्नच येत नाही.

गोळी चुकली तर काय? त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत.

विहाराशी संबंधित दोन गोष्टी इथेच सांगतो, कारण दोन्ही आमच्या डोळ्यांसमोर घडतात. वर्षावासात अष्टशील पाळणाऱ्या उपासिका दुपारनंतर अन्न घेत नाहीत. त्यातल्या काही जणी संध्याकाळची गोळीही सोडतात. औषध हे भोजन नव्हे. विनयात आजारी भिक्खूलासुद्धा अवेळी औषध घेण्याची मुभा आहे. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर गोळी सकाळच्या जेवणानंतर घेता येईल का, हे आधी विचारून ठेवावे. दुसरे, विपश्यनेचे दहा दिवस. ‘शिबिरात मन शांत होणार, मग गोळी कशाला’ म्हणून घरीच गोळ्या ठेवून इगतपुरीला जाणारे आम्हाला माहीत आहेत. शिबिराच्या अर्जात मानसिक आजार आणि चालू औषधे विचारलेली असतात. ती खरी लिहावीत, डॉक्टरांना विचारूनच जावे आणि गोळ्या बरोबर न्याव्यात.

आता दिवसाच्या वेळेकडून महिन्यांच्या वेळेकडे येऊ, कारण जास्त माणसे इथे गळतात. ही गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी अर्ध्या तासात काम करत नाही. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता दिसायला कधी सहा. मात्र मळमळ, डोके जड होणे, जुलाब, बेचैनी असे त्रास पहिल्याच आठवड्यात येतात. म्हणजे त्रास आधी, फायदा नंतर. हे कोणी समजावले नसेल तर शहाणा माणूससुद्धा दहाव्या दिवशी गोळी बंद करील. पहिले दहा-पंधरा दिवस साधारण निभावले की बहुतेकांचे त्रास कमी होतात. म्हणूनच काही डॉक्टर सुरुवात अर्ध्या डोसने करतात. तरुणांच्या बाबतीत, विशेषतः पंचवीसच्या आतल्या, सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावे. बेचैनी एकदम वाढली किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलणे निघाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणि बरे वाटल्यावर? बरे वाटले की गोळी थांबवायची, ही सवय आपल्याला तापाच्या औषधाने लावली आहे. इथे बरे वाटल्यानंतरही निदान सहा महिने, बहुधा सहा ते नऊ, गोळी चालू ठेवतात; आजार पुन्हा पुन्हा आला असेल तर त्याहून जास्त. थांबवतानाही पायरीपायरीने उतरावे लागते. एकदम सोडल्यावर गरगरते ते व्यसन लागले म्हणून नव्हे. व्यसनात माणूस मात्रा वाढवत जातो आणि गोळीच्या मागे धावतो. इथे बहुतेक जण गोळीपासून पळत असतात.

व्यसनाची भीती खरी आहे ती दुसऱ्या गोळीची. क्लोनाझेपामसारखी झोपेची, शांत करणारी गोळी बऱ्याचदा नैराश्याच्या गोळीबरोबर दिली जाते. सुरुवातीच्या थोड्या दिवसांसाठी ते ठीक असते. पण बाजारात एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिसळून मिळतात, आणि आमचा मेडिकलवाला साथी सांगतो की तीच पट्टी दाखवून लोक वर्षानुवर्षे मागायला येतात. एक गोळी महिनोन्‌महिने चालू ठेवायची, दुसरी लवकर थांबवायची. दोन्ही एकात बांधल्या तर एकीला सोडून दुसरी कशी चालवणार? अशी एकत्र गोळी लांब चालवण्याला आमचा विरोध आहे. आपल्या पट्टीवर दोन नावे छापलेली असतील तर डॉक्टरांना विचारा, दुसरी कधी बंद करायची. स्वतःहून मात्र एकदम बंद करू नका, ते धोक्याचे आहे.

इतर औषधांचेही सांगावे लागते. क्षयाच्या हट्टी प्रकारात लिनेझोलिड देतात. त्याचे आणि या गोळ्यांचे एकत्र पटत नाही, तसेच ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाचेही. क्षयाचा उपचार घेणाऱ्याने दोन्हीकडचे केसपेपर दोन्हीकडे दाखवावेत. दारूबद्दल काय वेगळे सांगायचे!

राहिला सगळ्यात महाग डोस, म्हणजे दवाखान्याची खेप. ओपीडी सकाळची. बोईसरहून पालघरला लोकलने जा, केसपेपर काढा, नंबर लावा, औषधाच्या खिडकीवर पुन्हा उभे राहा. पहिल्या पाळीचा दिवस गेला. रोजंदारीवाल्याचा तो खाडा. आठवड्याच्या किंवा पंधरवड्याच्या गोळ्या हातावर ठेवल्या तर महिन्याला दोन ते चार खाडे. कोणता ठेकेदार ते सहन करील? आणि सुट्टीचे कारण काय सांगायचे? सुरुवातीला डॉक्टरांना माणूस लवकर लवकर पाहावा लागतो, आणि जिवाचा धोका वाटत असेल तर थोड्याच गोळ्या देणे शहाणपणाचे असते, कारण ॲमिट्रिप्टिलिनसारखी गोळी एकदम जास्त घेतली तर जीव जातो. पण माणूस स्थिर झाल्यावर निदान महिन्याच्या गोळ्या एकदम मिळाव्यात, आणि आठवड्यातून एक ओपीडी संध्याकाळची असावी. ही आमची मागणी आहे, मेहेरबानी नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ प्रमाणे मानसिक उपचार हा हक्क आहे, आणि आवश्यक यादीतली औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी ठिकाणी कायम मोफत मिळायला हवीत. खिडकीवर ‘संपल्या’ असे उत्तर मिळाले तर ते कागदावर लिहून मागा.

खेपांच्या मधल्या काळात कोणीतरी विचारपूस केली तर काय होते, हे शेजारच्या गोव्यात पाहिले गेले आहे. तिथे ‘मानस’ नावाचा एक मोठा अभ्यास झाला, २०१० साली तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून दवाखान्यात समुपदेशक म्हणून बसवले. आजार समजावणे, बोलणे ऐकून घेणे आणि डॉक्टरांनी फ्लुओक्सेटिन दिले असेल तर ते चालू आहे ना पाहणे, ही त्यांची कामे. सहा महिन्यांनी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत असे समुपदेशक होते तिथले सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झालेले आढळले; नेहमीचा उपचार होता तिथे सुमारे ४३ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. तरी आमच्या ओट्यावरच्या टेबलाला त्यातून बळ मिळाले. विचारपूस करायला पदवी लागत नाही. चार जणांत नाव न घेण्याचे पथ्य मात्र लागते. म्हणून गोळ्यांबद्दल बोलायचे असेल त्यांच्यासाठी आम्ही आता ग्रंथालयाच्या खोलीत वेगळी खुर्ची ठेवतो.

विहारापर्यंतही यायला नको वाटत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येते. रातपाळीच्या मधल्या सुट्टीतसुद्धा.

तो बांधव परवा आला होता. नव्या वेळेला सात आठवडे झाले. चुकलेल्या गोळ्या तीन, त्यातल्या दोन गावी लग्नाला गेला तेव्हाच्या. झोप अजून पुरती बसलेली नाही, पण डबा रिकामा परत येतो असे बायको म्हणाली. पुढच्या खेपेला त्याची पाळी दुसरी असेल, म्हणून तारीख त्या आठवड्यात मागून घेतली आहे. सकाळी दवाखाना आणि तीनला कंपनी, खाडा पडणार नाही. तुमच्या घरात कोणाच्या अशा गोळ्या चालू असतील तर पुढच्या रविवारी येताना शिल्लक पट्ट्या, केसपेपर आणि पाळीचा तक्ता, तिन्ही बरोबर आणा.